येताना थांबतो

माझ्या नवऱ्याची अशी समजूत होती की त्या शर्यतीला तीन दिवस लागतात. एक दिवस पोहायचं, एक दिवस सायकल चालवायची, एक दिवस पळायचं, आणि मध्ये जेवणं. यात त्याचा फारसा दोष नव्हता. डोंगरातल्या आमच्या झाब्ल्याक गावात एका दिवसात एकच काम करायची पद्धत आहे, आणि तेही सुरू करण्याआधी कॉफी पिऊन त्यावर नीट विचार करायचा. एकाच दिवशी तीन कामं, तीही एकामागून एक, आणि कुणी सांगितलेलं नसताना, हे कुणाच्या डोक्यात येणार?

नवऱ्याचं नाव बात्रिच. हिवाळ्यात लोक पायांना फळ्या बांधून आमच्या डोंगरावरून घसरायला येतात. त्यांना वर नेणाऱ्या पाळण्याचं बटण बात्रिचच्या हाती आहे. सकाळी बटण दाबून तो बसतो, संध्याकाळी पुन्हा दाबतो. उन्हाळ्यात पाळणा बंद असतो, तेव्हा नुसताच बसतो. मी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यावर संसार चालतो. असो.

हे सगळं सुरू झालं डिसेंबरात, वूकोताच्या घरी. त्याच्या कुळाच्या संताचा सण होता आणि दुपारच्या पंगतीला सगळं गाव होतं. वूकोता हा गावचा न्हावी आणि आमचा कूम. कूम म्हणजे आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, आमच्या मुलीला चर्चमध्ये नाव देणारा. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलं तर चालतं, कूमाशी भांडलं तर देव जाब विचारतो. म्हणून हे दोघं भांडत नाहीत, फक्त एकमेकांना घालूनपाडून बोलतात, रोज, गेली पंचवीस वर्षं.

आमच्याकडे उतरलेला एक जर्मन पाहुणाही पंगतीला होता. जुलैत दुर्मितोरच्या या डोंगरात मोठी शर्यत होणार आहे, काळ्या तळ्यात पोहायचं, डोंगराला सायकलने दोन फेरे मारायचे आणि मग मैलोन्मैल पळायचं, असं तो बोटं मोजत सांगत होता. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, खालच्या माणसांचा इथे दम निघतो, असंही म्हणाला. बात्रिच म्हणाला की मग मी जन्मल्यापासून सराव करतोय. यावर वूकोता इतका हसला की त्याच्या नाकातून राकिया, आमची फळांची दारू, बाहेर आली. हसू आवरल्यावर त्याने पंगतीला विचारलं की या माणसाला कधी कुणी पळताना पाहिलंय का. कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

बात्रिचने मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी ती शर्यत मुदतीत पुरी करणार. नाही केली तर चौकात बसून तुझ्या हाताने मिशी उतरवून घेईन."

"केलीस तर माझी तू उतरव," वूकोता म्हणाला.

मिशी ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही. बात्रिचच्या ओसरीत त्याच्या बापाचा, आज्याचा आणि पणज्याचा फोटो आहे, तिघांच्या मिश्या चौकटीच्या कडांना टेकलेल्या. आपण खरं बोलतोय हे सांगायचं असलं की तो मिशीला हात लावतो, आणि मग खोटं बोलत नाही. वूकोताची तर दुकानाची पाटीच ती. न्हाव्याला दुसरी जाहिरात लागत नाही.

आता माझं सांगते. लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी माझ्या नवऱ्याचा वरचा ओठ पाहिलेला नाही. सूप आधी मिशीला मिळतं, मग त्याला. रात्री ती माझ्या कानात जाते. त्यामुळे पैज लागली तेव्हा मी तोंडाने अरे देवा म्हटलं, पण मनातून वूकोताच्या बाजूची होते.

आठवड्याने आमच्या मुलीचा, पेरूनिकाचा, बेलग्रेडहून फोन आला. हे सगळं एका दिवसात करायचं असतं, सकाळी सुरू करून रात्री नऊच्या आत संपवायचं, असं तिने बापाला सांगितलं.

"एका दिवसात?" तो म्हणाला. "आणि जेवण?"

"सायकलवरच, बाबा."

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. पण शब्द दिला होता. रात्री मला म्हणाला की मिशी गेली तर मी इथे तोंड दाखवणार नाही, बहिणीकडे खाली पॉडगोरिका शहरात जाऊन राहीन. मी म्हटलं, तिथे उन्हाळ्यात भाजून निघशील. तो हसला नाही. त्याने मिशीला हात लावला होता. तेव्हा मला कळलं की हा खरंच जाईल, आणि माझ्या मनातली वूकोताची बाजू जराशी डळमळली.

मग सराव सुरू झाला. पळणं त्याने बर्फ वितळेपर्यंत पुढे ढकललं. बर्फ वितळल्यावर चिखल वाळेपर्यंत. पोहायला मात्र जूनच्या पहिल्या दिवसांत उतरला. काळं तळं आम्ही पाहुण्यांना दाखवायला ठेवलेलं आहे, आमच्यापैकी कुणी त्यात उतरत नाही, त्यातलं पाणी बर्फाचंच असतं. जर्मनाने आपला जुना रबरी पोशाख धाडला होता. तो जर्मन सडपातळ, माझा नवरा नाही. एक पाय मी ओढत होते, दुसरा ओढायला माणूस नव्हतं. तेवढ्यात मजा बघायला वूकोता आला. थोडा वेळ त्याने मजा बघितली, मग सिगरेट विझवली आणि दुसरा पाय धरला. पैज पैजेच्या जागी, कूम कूमाच्या जागी. पोशाख चढला तेव्हा बात्रिचला श्वास घेता येत नव्हता. वूकोता म्हणाला की हवा विरळ म्हणतात ती हीच.

सायकल त्याने एप्रिलातच बाहेर काढली होती, पण तिची अडचण वेगळी होती. डोंगराभोवतीच्या रस्त्यावर जी घरं आहेत त्यांतली निम्मी त्याच्या नात्यातली आणि उरलेली ओळखीची. आमच्याकडे ओळखीच्या घरावरून न थांबता जाणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर दार आपटणं. पहिल्या घरी कॉफी, दुसऱ्या घरी राकिया आणि चीज, तिसऱ्या घरी काचामाक, म्हणजे बटाटा आणि मक्याचं पीठ घोटून त्यावर साय ओतलेली. ते पोटात गेल्यावर माणूस सायकल सोडा, खुर्चीवरही नीट बसू शकत नाही. सहा आठवडे त्याचा सराव चौथ्या घरापुढे गेला नाही. त्याचं वजन वाढलं. पहाटे निघून बघितलं, पण म्हाताऱ्या माणसांना पहाटे झोप कुठली? ती तर वाटच बघत बसलेली.

शेवटी त्याला तोड सापडली. कुणी हाक मारली की पेडल न थांबवता तो हात वर करून म्हणायचा, "येताना थांबतो!" आणि लोक समाधानाने आत जायचे. रस्ता गोल आहे. पुढच्या बाजूने गेलेला माणूस मागच्या बाजूने घरी पोचतो, येताना ती घरं लागतच नाहीत. हे लोकांच्या लक्षात यायच्या आत, महिनाभरात, बात्रिच पुरा फेरा मारायला शिकला. बारीक झाला. एकदा रात्री जिना चढताना त्याला धाप लागली नाही, तेव्हा आम्ही दोघंही घाबरलो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तळ्यावर सगळं गाव जमलं. परदेशातून आलेली माणसं काटकुळी, तासलेली, हाता-पायांवर एक केस नाही, आणि त्यांच्यामध्ये आमचा बात्रिच, रबरी टोपीखाली मिशी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. शिटी वाजली आणि सगळे पाण्यात पडले. बात्रिच चालत गेला. एकदा छातीवर क्रूस काढला आणि मग पडला. मी किनाऱ्यावरच्या दगडावर बसून होते. गंमत अशी की सकाळी निघताना मी मनाशी म्हटलं होतं, होईल ते होवो. पण सगळ्यांच्या मागून ती टोपी वरखाली होत यायला लागली तेव्हा मी उभीच राहिले. शेवटून तिसरा आला. मागच्या दोघांना होडीतून आणलं.

"मिशीत मासे अडकलेत का बघा," वूकोता म्हणाला. पण त्यालाही बरं वाटलेलं दिसलं.

सायकलीच्या मागून आम्ही वूकोताच्या गाडीतून निघालो. पैजेवर नजर ठेवायची म्हणून तो, आणि नवऱ्यावर नजर ठेवायची म्हणून मी. पंचांनी आधीच बजावलं होतं की लांबून बघा, काही देऊ नका. रस्त्यात ठेवलेल्या टेबलांवरचं खाणंपिणंच घ्यायचं, बाहेरच्या माणसाकडून घोटभर काही घेतलं तर तो शर्यतीतून बाद.

पहिल्या फेऱ्याला सेद्लोच्या खिंडीत तो चढला तेव्हा काटकुळ्यांपैकी दोघं रस्त्याच्या कडेला डोकं खाली घालून उभे होते, विरळ हवेने त्यांचं काम केलं होतं. बात्रिच त्यांच्या जवळून लाल तोंडाने, पण चालूच, पुढे गेला. खिंडीपलीकडची गावं सुरू झाली. घरोघरी लोक फाटकाशी उभे, हातात ताटं. तो प्रत्येकाला हात वर करून तेच म्हणत होता. येताना थांबतो. लोक ताटं घेऊन आत जात होते.

त्रसा गावाच्या टोकाला स्तामेना काकूचं घर आहे. बात्रिचची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून या चुलतीने त्याला वाढवलं. आता तिची नव्वदी जवळ आलीय, हातात काठी असते, पण ती आधारापेक्षा दाखवायला जास्त. तिने हाक मारली, तो म्हणाला, "येताना थांबतो, काकू!" तिने मान हलवली.

गाडीत वूकोता एकदम हसला आणि फोन काढला. एका हाताने गाडी चालवत त्याने घरोघरी फोन लावायला सुरुवात केली. दुसरा फेरा आहे, याच रस्त्याने पुन्हा येतोय, कॉफी टाकून ठेवा, शब्द दिलाय त्याने. मी त्याला म्हटलं की तू माणूस आहेस का कोण आहेस. तो म्हणाला, "वहिनी, मी एकही खोटं वाक्य बोललो नाही." तेही खरंच होतं. म्हणून मी त्याच्या खांद्यावर पर्स मारली.

दुसऱ्या फेऱ्याला रस्त्यावर लग्नासारखी गर्दी होती. फाटकांपाशी पांढरी टेबलक्लॉथ घातलेली टेबलं, टेबलांवर वाफा. बात्रिचने वळणावरून ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. येताना थांबतो म्हटलं होतं आणि आता तो येत होता. त्याने मान खाली घातली आणि पेडल मारत सुटला. त्याच्या मागे लोकांच्या तोंडून काय काय निघालं ते मी सांगत नाही. त्या रस्त्यावर राहणारा त्याचा मामेभाऊ आमच्याशी अजून बोलत नाही.

स्तामेना काकू मात्र फाटकाशी नव्हती. रस्त्याच्या मधोमध उभी होती, काठी आडवी धरून.

बात्रिच थांबला. "काकू, शर्यत आहे," तो म्हणाला.

"असू दे की. कॉफी गार होतेय."

"नंतर येतो, काकू. उद्या येतो. झोपायला येतो."

"येताना थांबतो म्हणालास ना? का ते दुसरं कुणी होतं, तुझी मिशी लावून?"

तो सायकलवरून उतरला आणि तिच्या अंगणातल्या बाकावर बसला. कॉफी घेतली. चीज घेतलं. तिने आणखी वाढलं, तेही घेतलं. गाडीत वूकोताने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं, तो हसत होता का काय ते मला दिसलं नाही. मी त्याला शिव्या देत होते आणि मला रडू येत होतं, कारण वेळ चालला होता आणि मोटरसायकलवरून पंच येताना दिसत होती.

पंच म्हणजे स्लोव्हेनियाहून आलेली एक तरुण मुलगी, श्पेला नावाची, खूप शिस्तीची. ती अंगणात आली आणि म्हणाली की बाहेरच्या माणसाकडून खाणं घेतलंय, नियमाप्रमाणे हा बाद.

काकूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाहेरची कोण?"

"तुम्ही, आजी."

"मी? हे माझं अंगण. हा माझा पुतण्या, या बाकावर लहानाचा मोठा झाला. मी बाहेरची कशी? पोरी, इथे बाहेरची फक्त तू आहेस. आणि तूही किती वेळ बाहेरची राहणार, बस."

श्पेला नियमाचं आणखी काही तरी बोलली. काकूने तिच्यासाठी कप भरला होता. काकूच्या अंगणात उभ्याने बोलता येत नाही, ते आजवर कुणाला जमलेलं नाही. मुलगी बसली. चीजचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. बहुधा सकाळपासून उपाशी असावी. मुख्य पंचांना विचारते म्हणाली, तर त्रसात फोन लागत नाही. शेवटी तिने टोपी काढून केसांवरून हात फिरवला आणि निकाल दिला की घरच्याने दिलेलं बाहेरचं म्हणता येणार नाही, एवढ्यापुरतं सोडते, पण यापुढे कुणीही घोटभर पाणी दिलं, हात दिला, बरोबर पळून साथ दिली, तर त्याच क्षणी बाद.

बात्रिच सायकलवर चढला. काकूने कप गोळा केले आणि आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. कुठे जाते म्हणून विचारायची आमची हिंमत झाली नाही.

सुशित्साच्या दरीतून वर येताना तो सायकल ढकलत आला. पळायला सुरुवात केली तेव्हा ऊन उतरलं होतं. तळ्याकडे जायचं, गावात यायचं, पुन्हा तळ्याकडे, असे फेरे होते. पहिल्या फेऱ्यात तो पळाला. दुसऱ्यात पळत नव्हता, चालतही नव्हता, त्या दोन्हींच्या मधलं काही तरी करत होता. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि सगळ्यांचे हात पाठीमागे. आमच्या लोकांना भुकेलं, तहानलेलं माणूस समोरून जाताना बघून काही न देणं किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. बेकरीवाल्याने स्वतःचे हात खिशात कोंबले होते. श्पेला सायकलवरून बात्रिचच्या मागे मागे होती.

शेवटच्या फेऱ्यात, चौक दिसायला लागतो त्या वळणावर, त्याच्या पोटरीत गोळा आला. तो एका पायावर उड्या मारत रस्त्याकडेच्या बाकापर्यंत गेला आणि बसला.

मी धावत गेले. चौकातली पांढरी रेघ बाकावरून दिसत होती. चर्चच्या घड्याळात नऊ व्हायला थोडा वेळ होता, पण फार नाही. मी त्याला म्हटलं, ऊठ. तो म्हणाला, "इलिन्का, बसतो जरा." तो बसला की काय होतं ते मी तेवीस वर्षं पाहिलंय. त्याचे खांदे पडले, डोळे अर्धे मिटले. आता हा सकाळपर्यंत उठणार नाही, आणि सकाळी पॉडगोरिकाची बस पकडणार. मला त्या क्षणी ती मिशी इतकी हवी होती की सांगता येत नाही. तिच्याबरोबर सगळा माणूस जाणार होता.

वूकोता समोर येऊन उभा राहिला. त्याच्या वरच्या खिशात वस्तरा होता, सकाळपासून मिरवत होता. त्याला काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहिलं की पैज जिंकली. त्याने बात्रिचकडे पाहिलं, चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दोन बोटांनी स्वतःची मिशी डावीकडून उजवीकडे एकदा नीट सारखी केली आणि श्पेलाकडे वळला.

"पोरी, शिव्या दिल्या तर ती मदत होते का?"

तिने विचार केला. "नियमांत शिव्यांचं काही नाही," ती म्हणाली.

"ठीक." वूकोताने घसा साफ केला. "बात्रिच, बस. शोभतं तुला. तुझा आजा लढाईत दोन हिवाळे गुहेत राहिला, पण शरण गेला नाही. तू एका बाकाला शरण गेलास."

बात्रिचने डोळे उघडले.

गावाला तेवढंच हवं होतं. सकाळपासून काही देता येत नव्हतं, आता जे होतं ते सगळ्यांनी दिलं. बेकरीवाला म्हणाला की तुझ्यापेक्षा तुझा पाळणा बरा, तो निदान वर जातो. दुसऱ्या कुणी त्याच्या पोहण्याबद्दल सांगितलं, कुणी रबरी पोशाखाबद्दल. काकू काठी टेकत आली आणि म्हणाली, "याला पाजलेलं दूध वासराला पाजलं असतं, तर आज दारात बैल असता." मीही बोलले. काय बोलले ते आमच्या घरातलं आहे. तो ऐकत होता, मिशी थरथरत होती, पण उठत नव्हता.

तेव्हा वूकोता वाकला आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि तुझ्या काकूची कॉफी पाणचट होती."

काकूचा चेहरा पडला, कारण तिला क्षणभर ते खरंच वाटलं. बात्रिच उठला. पोटरीतला गोळा कुठे गेला देव जाणे. त्याने मूठ उगारली, वूकोता मागे सरला, बात्रिच पुढे आला, आणि वूकोता पळत सुटला.

वूकोताला पळताना त्याच्या आईनेही पाहिलेलं नसेल. एवढा अगडबंब माणूस, पोट दोन्ही हातांनी धरून, चौकाच्या दिशेने, आणि त्याच्या मागे माझा नवरा, लंगडत, ओरडत, मूठ हवेत. त्यांच्या मागे गाव, गावाच्या मागे काठी टेकत काकू. मुख्य पंच रेघेजवळ उभे होते, ते ओरडले की हा बरोबर कोण पळतोय, साथ द्यायला बंदी आहे. श्पेला धापा टाकत म्हणाली की साथ देत नाहीये, जीव वाचवून पळतोय. मुख्य पंचांनाही ते बघून दिसतच होतं.

वूकोता रेघ ओलांडून कारंज्याच्या कठड्यावर कोसळला. बात्रिच त्याच्यावर कोसळला. मारायला गेलेला हात त्याच्या गळ्यात पडला आणि तिथेच राहिला. मग चर्चची घंटा नऊचे ठोके द्यायला लागली.

घंटा थांबल्यावर वूकोता म्हणाला, "कॉफी चांगली असते तिची. तिला सांग."

"तूच सांग, गाढवा. मला तिच्याशी बोलायची लाज वाटते."

वूकोताने तिला सांगितलं, टोपी काढून. तिने काठीने त्याच्या नडगीवर एक दिली आणि विषय संपला.

मग खुर्ची आली. वूकोता आपणहून बसला, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, खिशातून वस्तरा काढून बात्रिचच्या हातात दिला. बात्रिचचा हात इतका थरथरत होता की वस्तरा दिव्याखाली लखलखत होता. वूकोता म्हणाला की मिशी द्यायचं ठरलंय, नाक नाही, वहिनीला दे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं. वूकोता डोळे मिटून मला शिकवत होता, वस्तरा असा धर, ओठ ताण, घाई करू नकोस. एक बाजू झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांत साबण गेला, असं तो म्हणाला. साबण खाली होता. मिशीखालून जो माणूस निघाला तो दहा वर्षांनी लहान आणि बराच भोळा दिसत होता. हसायला पाहिजे होतं, पण गावात कुणी हसलं नाही.

मी वस्तरा पुसत होते तेव्हा बात्रिच त्या खुर्चीत येऊन बसला आणि मान मागे टाकली.

"आता माझी काढ, इलिन्का."

"वेडा आहेस का? तू जिंकलास."

"म्हणूनच. नऊ वाजेपर्यंत ती गहाण होती, देता येत नव्हती. आता माझी आहे. तुला देतो. सूप वाढताना तू तिच्याकडे कशी बघतेस, ते मला दिसतं."

हे त्याने मिशीला हात लावून सांगितलं. गाव ऐकत होतं. मी साबणाचा फेस केला आणि त्याच्या ओठावर लावायला घेतला. मिशीत मीठ वाळलेलं होतं, तळ्यातलं काही तरी हिरवं होतं आणि काकूच्या चीजचा एक कण होता. अर्धा फेस लावला तोवर तो झोपला. तोंड उघडं, घोरणं चालू, आणि प्रत्येक घोरण्याला ती मिशी वर जाऊन खाली येत होती. मी बराच वेळ वस्तरा घेऊन उभी होते. मला त्याचा फार अभिमान वाटत होता, इतका की राग येत होता. मग टॉवेलने फेस पुसून टाकला आणि वस्तरा मिटून वूकोताला परत दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, पहिल्यांदा ओठ चाचपला आणि भिंत धरत स्वयंपाकघरात आला.

"विसरलीस?"

"नाही. मला दिलीस ना? मग माझी वस्तू मी कुठे ठेवायची ते मी ठरवीन."

त्याने यावर विचार केला आणि गुपचूप जेवायला बसला. तेव्हापासून ती तिथेच आहे, पण माझी. सूप वाढते तेव्हा मी फक्त एवढंच म्हणते की माझी मिशी त्यात बुडवू नकोस, आणि तो एका हाताने ती वर धरून जेवतो.